कानाचा डबा

औरादच्या बाजारपेठेत बसलिंगप्पांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या भिंतीला पाठ लावून नागनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायला म्हणून. एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं दारातच उभं राहायचं. जागा स्वस्तात मिळाली होती, आणि स्वस्तात मिळालेल्या वस्तूला खोट असतेच. इथली खोट म्हणजे गिरणी. पट्टा फिरायला लागला की नागनाथचं टेबल थरथरायचं, वाटीतले स्क्रू नाचायचे, आणि दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाला ऐकवायचा तर गिरणी थांबेपर्यंत दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

नागनाथ माणूस शांत. बौद्ध वस्तीतला, औरादपासून सायकलनं अर्ध्या तासावरच्या खेड्यातला. बिदरला एका लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली राहून त्यानं हे काम शिकून घेतलं होतं. व्यसन कसलं नाही. पण एकदा सुट्या भागांसाठी हैदराबादला गेला आणि तिथं त्याला जे लागलं ते सुटलंच नाही. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या मियाँच्या टपरीवर मिलिटरीचा मोडीत निघालेला हेडफोन होता. मियाँनं गंमत म्हणून तो त्याच्या कानांवर चढवला आणि सनईची एक तबकडी लावली. सूर संपला, पुढचा सुरू व्हायच्या आधी वाजवणाऱ्यानं श्वास घेतला, आणि तो श्वास नागनाथला ऐकू आला. एवढंच झालं. पण कधीतरी, कुठंतरी बसलेल्या एका अनोळखी माणसाचा श्वास आपल्या कानात आला, याचं त्याला असं काही वाटलं की खिशातलं सगळं मियाँच्या हातावर ठेवून तो हेडफोन घेऊन, जेवणाचं न बघता, गाडीत बसला.

नुसत्या हेडफोनला काय चाटायचंय? त्याला बळ द्यायला अॅम्प्लिफायर लागतो, आणि तसला औरादात काय, बिदरातही कुणी पाहिला नव्हता. नागनाथनं तो स्वतः बांधायला घेतला. मेलेल्या रेडिओंच्या पोटातले ट्रान्झिस्टर, बॅटरीचे सेल, दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा. चार वेळा बांधला, चार वेळा सोडला. पाचव्यांदा आवाज आला, पण सनईच्या आधी गिरणी आली! टेबलाची थरथर तबकडीतून सुईत, सुईतून पिकअपमध्ये, आणि तिथून थेट कानात. पिकअप म्हणजे सुई ज्यात बसवतात तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याला जरा हादरा बसला की तो आवाज करून सांगतो. धाड, धाड, धाड. सनईवाल्याच्या छातीवर कुणी उखळ ठेवून कांडतंय असं वाटायचं.

शेवटी त्यानं वाटेत एक चिमुकला कंडेन्सर बसवला. त्याचा गुण असा की बारीक, उंच आवाजाला तो वाट देतो आणि जाड, दबक्या धडधडीला दारातच अडवतो. आता गिरणी चालू असली तरी कानात फक्त सनई, आणि सनईमागचा श्वास. नागनाथ त्या दिवशी डोळे मिटून बसला तो गिऱ्हाईक परत गेलं तरी त्याला पत्ता नाही.

हौसेला मोल नसतं, पण गावाला तोंड असतं. "कानाचा डबा" असं त्याचं नाव पडलं. गावात रेडिओ असतो तो चारचौघांसाठी. उंबऱ्यात ठेवायचा, आवाज मोठा करायचा, गल्लीनं ऐकायचा. एकट्यानं कानात घालून ऐकणं म्हणजे ताटावर पदर धरून जेवण्यासारखं. त्याचा धाकटा भाऊ मारोती तर पाठच घ्यायचा. "लोकाच्या रेडिओवर गाव नाचतंय, आन आमचा दादा एकटाच मान डोलवायलाय! याड लागलंय म्हनून दवाखान्यात न्यावं का काय, माय?"

आई कोंडाबाई म्हणायची, "कानात बुचं घालून बसतोय. उद्या मी मेले तरी याला हाक ऐकू जायची न्हाई."

मारोती दादाच्या उलट. अंगानं पिळदार, तोंडानं मोकळा. त्या मोठ्या दुष्काळात गावच्या विहिरीवर वस्तीला पाणी मिळायचे वांधे झाले तेव्हा वस्तीनं आपली स्वतःची विहीर पाडायची ठरवली, आणि मारोती सगळ्यात आधी टिकाव घेऊन उभा राहिला. काम दिलं होतं निंगप्पाला. निंगप्पा कानडी मुलखातला, जन्म विहिरी खोदण्यात गेलेला, भिंतीला हात लावून माती कशी आहे ते सांगणारा. त्याची टोळी आणि वस्तीतली पोरं मिळून खोदत. काठावरच्या यारीनं, दोर ओढून, दगड वर येत. चार पुरुष खोल गेल्यावर खडकात ओल दिसली, म्हणून निंगप्पानं तिथून आडवं भोक पाडायला लावलं होतं, झऱ्याच्या दिशेनं.

त्या सकाळी बाकीचे न्याहारीला वर आले. मारोती म्हणाला, "एवढा कोपरा काढतो आन येतो," आणि पहार घेऊन आडव्या भोकात शिरला. वरचे लोक भाकरी मोडत होते, तेवढ्यात एका बाजूचा मुरूम घसरला. आवाजही फार झाला नाही म्हणे. धुरळा बसल्यावर बघतात तो विहीर निम्मी भरलेली.

निरोप घेऊन एक सायकल औरादला धावली. निरोप्यानं दुकानाच्या दारात धापा टाकत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तुझ्या मायनं सांगितलंय, कानाचा डबा घेऊन ये."

दुरुस्तीला आलेल्या रेकॉर्डप्लेअरचा पिकअप नागनाथनं उपटून काढला. नवे सेल घातले, जादा वायर घेतली, हेडफोन गळ्यात अडकवला. काही विसरायला नको, काही विसरायला नको, असं स्वतःशी बोलत त्यानं सगळं दोनदा तपासलं. शेजारी गिरणी चालूच होती.

विहिरीवर पोचला तेव्हा वस्तीतलं झाडून सगळं माणूस काठावर होतं. बायका ऊर बडवत होत्या. हाका मारून मारून पोरांचे घसे बसले होते. खालून उत्तर नव्हतं. निंगप्पा एकटा दगडावर बसला होता, हातातली बिडी न पेटवता.

"मामा, उतरा की! बसलाव कामून?" नागनाथ ओरडला.

निंगप्पानं मान वर केली. "नागण्णा, माती अजून हलायलीय. जित्यासाठी मी आत्ता उतरतो, माझी मानसं उतरतील. पन मेलेल्यासाठी जित्याला घालायचं न्हाई. माझा मेव्हना असाच गेला, मेलेल्याला काढायला. तवापासनं हा माझा नेम हाय. मारोती जिता हाय, एवढं मला कुनीतरी सांगा."

म्हणजे सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं.

विहिरीच्या एका अंगाला शाबूत खडकाचा टप्पा होता, ढिगाऱ्याच्या जरा वर. नागनाथ आणि निंगप्पा कमरेला दोर बांधून तिथं उतरले. निंगप्पानं एक लांब पहार ढिगाऱ्यात खोल ठोकली. नागनाथनं पिकअप पहारीच्या डोक्याला टेकवला आणि बोटांनी दाबून धरला, कारण बांधायला जागा नव्हती. डबा मांडीवर घेतला. हेडफोन चढवला. वर कोंडाबाईनं हात उंचावून बायकांना गप्प केलं. आपल्या रडण्यानं लेकाचा आवाज बुडायला नको म्हणून त्या माउलीनं पदर तोंडात कोंबला होता.

नागनाथनं डोळे मिटले. कानात शूऽऽ असा बारीक आवाज, ट्रान्झिस्टरचा. स्वतःच्या बोटांची खसखस. वर कुठंतरी टिटवी ओरडली ती ऐकू आली. त्यानं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. हैदराबादच्या टपरीवर त्याला कुणा परक्या माणसाचा श्वास ऐकू आला होता. आज पाठच्या भावाचा श्वास हवा होता. एक श्वास. कण्हणं. दगडावर दगड. काहीही. त्यानं श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. मारोती, बोल की रे. एरवी तोंड मिटत नव्हतं तुझं.

काहीच नाही. पहारीतून मयताच्या घरासारखी शांतता येत होती.

आपला डबा कधी खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुईएवढा आवाज असता तरी आला असता. म्हणजे मारोती गेला. लहानपणी ज्याला पाठीवर घेऊन शाळेत नेलं, तो गेला, आणि हे या घडीला साऱ्या जगात एका नागनाथला माहीत होतं. त्यानं वर बघितलं. काठावर आई वाकून बघत होती, पदर तोंडात तसाच.

"काय आवाज हाय?" निंगप्पानं विचारलं.

एक शब्द. 'न्हाई' म्हटलं की निंगप्पा वर जाणार, माती बसेपर्यंत विहिरीवर कुणी यायचं नाही, आणि मारोती तिथंच राहणार. 'न्हाई' म्हटलं की ते आपण म्हटलेलं असणार.

"ठोकायलाय," नागनाथ म्हणाला. "आतनं ठोकायलाय."

वरून एकदम हुंदका फुटला. निंगप्पा मात्र हलला नाही. त्यानं हात पुढं केला. "मला दे."

नागनाथनं हेडफोन काढून त्याच्या कानांवर ठेवला. पिकअप धरलेला हात पहारीवर होताच. निंगप्पानं डोळे मिटले. नागनाथनं अंगठ्याचं नख पिकअपच्या कडेवर हळूच टेकवलं आणि उचललं. टक. थोडं थांबून पुन्हा, टक. मग दोनदा लागोपाठ. निंगप्पाच्या कपाळावरची आठी सुटली. त्यानं हेडफोन काढला, वर बघून कानडीत हाक मारली, आणि त्याची माणसं दोराला लटकून खाली यायला लागली.

इतकं सोपं असतं खोटं बोलणं! एका नखाचं काम.

दिवसभर ते खोदत होते. घमेली वर जात होती, रिकामी खाली येत होती. मुरूम उपसावा तेवढा बाजूनं पुन्हा घसरत होता. फळ्या, बाजांचे पाय, घरांची दारंसुद्धा आणून लोकांनी भिंतीला टेकू दिले. नागनाथ टप्प्यावर पहारीशी बसून राहिला. मधूनमधून हेडफोन चढवायचा, शूऽऽ ऐकायचा, आणि खाली मान घालून "ठोकायलाय" म्हणायचा. प्रत्येक वेळी माणसांचे हात जोरात चालायचे. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, थांबा, मी खोटारडा आहे, प्रेतासाठी मरू नका. पण हात पुन्हा हेडफोनकडंच जायचा.

ऊन कलल्यावर वरून एक धोंडा सुटला. निंगप्पा बाजूला झाला, पण डावा हात राहिला. दगड आणि पहार यांच्यामध्ये दोन बोटं चेंगरली. त्याचं ओरडणं ऐकून टोळीतली माणसं कामं टाकून दोरांकडं धावली. निंगप्पानं पटक्यानं हात करकचून बांधला. रक्त थांबेना. तो तसाच टप्प्यावर चढून नागनाथपाशी आला आणि म्हणाला, "अजून हाय? माझी मानसं भ्यालीत. एकदा मला ऐकू दे, मी त्यांना सांगतो."

नागनाथनं त्याच्याकडं बघितलं. पटका लाल झाला होता. आता तरी सांग, नागनाथ. एका मेलेल्यासाठी एक हात गेला, आणखी काय देणार आहेस? त्याच्या मनानं अगदी ठरवलं की आता सांगायचं. त्यानं हेडफोन निंगप्पाच्या कानांवर ठेवला. आणि तरी अंगठा पिकअपकडं गेला. या वेळी त्यानं हळू वाजवलं. बऱ्याच वेळानं एक. मग आणखी वेळानं एक. जीव जायला आलेला माणूस कसा ठोकेल, तसं. आपल्याच भावाचं मरण तो नखानं वाजवत होता.

निंगप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दमलाय गडी," तो म्हणाला. "चला रे, पटकन."

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा टिकावाखाली पोकळी लागली. एकानं हात आत घातला आणि किंचाळला, कारण आतून कुणीतरी तो हात धरला.

मारोतीला वर काढलं तेव्हा तो पिठात लोळवल्यासारखा पांढरा झाला होता. गुडघा सुजलेला, ओठ फुटलेले, डोळे उघडत नव्हते. पण हातातली पहार सुटत नव्हती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. कोंडाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दिवसभर दाबलेलं रडणं तिथं सोडलं. पाण्याचे दोन घोट गेल्यावर मारोतीनं भावाला शोधलं.

"दादा, ऐकू आलं न्हवं? म्या सारखा ठोकायलो होतो. वर खडकाला, पहारीनं. हात भरून आला तर पायानं पहार ढकलायलो. मला वाटायलं, दादा डबा घेऊन येतोयच. कवा न कवा त्याला ऐकू जानारच."

लोकांनी नागनाथला खांद्यावर घेतलं. ज्यांनी डब्याची टिंगल केली होती तेच आता डब्याला हात लावून पाया पडत होते. नागनाथच्या कानात मात्र काही शिरत नव्हतं. सारखा ठोकत होता? मग डबा?

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. पलीकडं गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं. त्यानं पिकअप टेबलावर टेकवला, हेडफोन चढवला. शूऽऽ. बाकी काही नाही. समोर वाटीत स्क्रू नाचताना दिसत होते आणि कानात स्मशानशांतता. त्यानं डबा उघडला. आत तो चिमुकला कंडेन्सर आपली चाकरी इमानानं करत बसला होता. नागनाथनं तारेचा एक तुकडा त्याच्या दोन्ही टोकांना टेकवला.

धाड, धाड, धाड.

गिरणी कानात कोसळली. जाड, दबकी, जमिनीतून येणारी. मारोतीनं दिवसभर दिलेले ठोके असेच येत होते, याच वाटेनं, आणि त्याच्या भावानं हौसेपायी या वाटेला आपल्या हातानं कुलूप लावून ठेवलं होतं. नागनाथनं खरं बोलायचं ठरवलं असतं तर मारोती आज मातीत असता, ठोकत ठोकत मेलेला, आणि डबा कधी खोटं बोलत नाही असं म्हणत नागनाथनं जन्म काढला असता. तो टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. गिरणीमुळं बाहेर कुणाला ते कळलं नाही.

मग तो निंगप्पाकडं गेला. दवाखान्यात दोन बोटं काढली होती. नागनाथनं सगळं सांगितलं. नख, पिकअप, दोन्ही वेळचे ठोके, आणि खऱ्या ठोक्यांना बहिरा निघालेला डबा.

"म्हंजे तुझ्या मनानं तो मेलाच होता," निंगप्पा म्हणाला. "आन मला आत घातलंस."

"व्हय, मामा."

"दुसऱ्यांदा बी? माझा हात बघून?"

नागनाथनं होय म्हणून मान हलवली.

"तो जिता निघाला हे तुमचं नशीब. तू केलंस ते केलंस." निंगप्पानं तोंड फिरवलं. "जा. माझ्या दारात पुन्हा येऊ नको."

नागनाथ गेला नाही पुन्हा. वस्तीच्या विहिरीला पाणी लागलं, तिचं कौतुक झालं, राज्याचं नाव बदललं, ट्रान्झिस्टर रेडिओ घरोघर आले. डब्यातला कंडेन्सर त्यानं काढून फेकला. त्यानंतर सनई त्याला कधी नीट ऐकता आली नाही. पण कुठं विहीर ढासळली की लोक त्यालाच बोलवायला यायचे, आणि तो हातातलं काम टाकून जायचा. डब्याची कीर्ती लांब गेली होती. त्याला तिची लाज वाटायची, पण जायचा. एकदाही कुणी जिवंत सापडलं नाही.

केस पिकायला लागल्यावर एकदा निर्णा गावाकडच्या एका विहिरीवर त्याला नेलं. खाली एक गडी अडकला होता. आणि काठावर, तीन बोटांच्या हातात पहार धरून, निंगप्पा उभा होता. वाकलेला, पण म्होरक्या तोच. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर आले नव्हते. नागनाथ उतरला, या वेळी पिकअप ढिगाऱ्यातल्या पहारीला दोरीनं बांधला, दोन्ही हात निंगप्पाला दिसतील असे लांब धरले आणि ऐकत राहिला.

"काय आवाज हाय?" निंगप्पानं विचारलं.

काठावर एक बाई वाकून बघत होती. "न्हाई मामा," नागनाथ म्हणाला. "काहीच न्हाई."

निंगप्पानं त्याच्या हातांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. मग त्यानं आपला दोर कमरेला बांधला.

"डब्याला काय कळतंय," तो टोळीला म्हणाला. "उतरा."

दिवस मावळताना त्यांनी त्या गड्याला काढलं. तो मेलेलाच होता, केव्हाचा. बाईचा आक्रोश ऐकवत नव्हता. टोळी दोर गुंडाळत होती. निंगप्पा येऊन नागनाथशेजारी दगडावर बसला. त्यानं बिडी पेटवली, एक त्याच्यापुढं धरली.

"भाऊ कसा हाय तुझा?"

"हाय, मामा. दोन पोरं झाली." नागनाथनं बिडी हातात तशीच धरली. "विहिरीत उतरत न्हाई. घरात लाईट गेली की अजून भितोय. भिंतीवर ठोकत बसतोय."

"मग?"

"मग मी पलीकडनं ठोकतो. ऐकू आलं म्हनून."